रात्रीचं जेवण पूर्ण

आमच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना एक रिवाज आहे. जाणारी नर्स आणि येणारी नर्स प्रत्येक खाटेशी थांबतात, आणि जाणारीनं त्या पेशंटच्या देखत त्याची त्या दिवसातली एक तरी बरी गोष्ट सांगायची. औषधं, तक्रारी, भांडणं सगळं नंतर. हा रिवाज सुवार्ता आवळेबाईंनी पाडला. त्यांचं म्हणणं, मनोरुग्णालयात आलेल्या माणसाच्या कानावर घरापासून फाटकापर्यंत वाईटच पडलेलं असतं. निदान ड्यूटी बदलताना तरी बरं पडू दे.

रिवाज चांगलाच होता. पण चांगल्या रिवाजाचीही रोज म्हणून म्हणून घोकंपट्टी होते. एवढ्या माणसांची रोज नवी बरी गोष्ट आणायची कुठून? मग जीभ आपोआप वळायची: "रात्रीचं जेवण पूर्ण." ताट रिकामं आलंय ना, मग झालं. चला पुढच्या खाटेकडं.

मी दौलत कुरणे, या वॉर्डातला ब्रदर. नर्सिंग शिकायला मिरजेला गेलो तेव्हा आमच्या गल्लीत लोक हसले होते. मानसोपचार नर्सिंग मला बाईंनी शिकवलं, शिव्यांसकट. चिडलेल्या पेशंटसमोर दार अडवून उभं राहायचं नाही, त्याला बाहेरची वाट दिसली पाहिजे, हे त्यांचं. मरणाचा विचार घोळवणाऱ्याला तसं सरळ विचारायचं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो, हेही त्यांचंच. बाईंची जीभ धारदार आणि आवाज असा की रविवारी चर्चमध्ये गाताना त्यांना माइक लागत नाही.

मग आमच्याकडं 'सोबत' आलं.

सोबत म्हणजे पेशंटच्या मनगटावरचा पट्टा आणि खाटेच्या उशाशी बसवलेला माइक. पट्टा नाडी मोजतो, तळहाताचा घाम मोजतो, झोपेत माणूस किती वेळा कूस बदलतो तेही मोजतो. माइक आमचं ड्यूटी बदलतानाचं बोलणं ऐकतो. राज्यभरातल्या वॉर्डांतलं असलं बोलणं आणि पुढं त्या पेशंटचं काय झालं, हे जोडून जोडून यंत्र शिकलं. कसली नाडी आणि कसले शब्द एकत्र आले की माणूस स्वतःच्याच जिवावर उठतो, ते त्याला आधी कळायला लागलं. प्रत्येक खाटेवर त्याचा एक दिवा: हिरवा, पिवळा, तांबडा. खोटं कशाला बोलू, यंत्र कामाचं होतं. तांबडा दिवा बघून धावलो म्हणून वाचलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. यंत्राला उठताबसता शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही.

मानसोपचाराचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमचे डॉक्टर एकाच वेळी पाच इस्पितळं पडद्यावरून बघायचे. म्हणून कायद्यानं नर्सांसाठी एक नवी पायरी काढली: श्रेणी तीन. ज्याच्याकडं श्रेणी तीनचं प्रमाणपत्र, त्याला दिव्याच्या विरुद्ध जाऊन पेशंटला थांबवता येतं. त्या सहीला आम्ही रोखसही म्हणतो. ज्याच्याकडं ते नाही, त्यानं दिवा सांगेल तसं करायचं, मग त्याचे केस वॉर्डात पिकलेले असोत.

परीक्षेला बाई आणि मी एकाच दिवशी सांगलीला गेलो.

परीक्षा घेणाऱ्या देशमाने मॅडम नर्सिंग परिषदेच्या. स्वतः एकेकाळच्या नर्स, इस्त्रीची साडी, कपाळावर एक आठी कायमची. समोर भिंतभर पडदा आणि पडद्यावर पेशंट, नाव 'तात्या'. तात्या खरा नव्हता. हजारो पेशंट घोटून यंत्रानं बनवलेला माणूस तो. खोकायचा, नजर चुकवायचा, उत्तरं द्यायचा. त्याला प्रश्न विचारायचे आणि ठरवायचं: घरी पाठवायचं की थांबवायचं. माझा नंबर आधी. तात्याची नाडी शांत, जेवण-झोप ठीक, दिवा हिरवा. मी घरी पाठवला आणि पास झालो.

मग बाई आत गेल्या. मी काचेपलीकडून बघत होतो.

"तात्या, रात्री जेवलात का?"

"होय सिस्टर. रात्रीचं जेवण पूर्ण. झोप समाधानकारक."

बाई हसायला लागल्या. मॅडमची आठी खोल गेली.

"मॅडम, हे कोण बोलतंय?"

"पेशंट बोलतोय. तुम्ही प्रश्न विचारा."

"पेशंट असं बोलतो होय? 'जेवण पूर्ण' म्हणणारा एक पेशंट मला आजवर भेटलेला नाही. पेशंट म्हणतो, भात कच्चा हाय. पेशंट म्हणतो, ही डाळ हाय का पंचगंगेचं पाणी. पेशंट म्हणतो, तुझ्या नवऱ्याला घालतीस का असलं. 'जेवण पूर्ण' हे आमचं आहे, नर्सांचं, ड्यूटी बदलतानाचं. तुमच्या यंत्रानं पेशंट ऐकलेलाच नाही. आम्ही त्याच्याबद्दल काय बोललो तेवढंच ऐकलंय."

"निर्णय सांगा, आवळे सिस्टर. घरी की थांबवायचं?"

"थांबवायचं. ज्याच्या तोंडून त्याचं स्वतःचं एक वाक्य ऐकलं नाही, त्याला मी दाराबाहेर सोडत नाही."

बाई नापास झाल्या. शेरा होता: 'दिवा हिरवा असताना सबळ कारणाविना रोखले.'

परत येताना एसटीत माझं प्रमाणपत्र मांडीवर आणि शेजारी ज्यांनी मला घडवलं त्या बाई. मला कुठं बघावं कळेना. अंकलीच्या पुलाशी बाईच म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतोस मर्दा? पेढे कधी देतोस ते सांग. आणि उद्यापासून मी तुला 'साहेब' म्हणायचं का नुसतं 'दौलत' चालेल?"

मी हसलो, पण मनातून वरमलो होतो. उद्यापासून सहीचा हक्क मला होता आणि त्यांना नव्हता.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आल्या आल्या बाई भूपालअण्णांच्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या.

भूपालअण्णा मगदूम. शेतावरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा कारागीर. बायको गेली आणि माणूस आतून विझला. आश्विनात मुलानं आणून भरती केलं तेव्हा खाटेवर तांबडा दिवा होता. पुढं पिवळा झाला. आता मार्गशीर्ष लागला होता, दिवा आठवडाभर हिरवा होता आणि सोमवारी मुलगा न्यायला येणार होता. वॉर्डात सगळे खूश. मी तर सर्वांत जास्त.

"दौलत, अण्णांचा चष्मा कुठं आहे?"

चष्मा शेजारच्या खाटेवरच्या रंगाच्या नाकावर होता. रंगा चाळिशीचा, गोड माणूस, कुणी काही दिलं तर नको म्हणणं त्याला माहीत नाही.

"अण्णांनी दिला," रंगा म्हणाला. "म्हणाले, मला आता काय वाचायचं न्हाई."

घरी निघालेला माणूस चष्मा देऊन टाकतो? पण दिवा हिरवा होता. मी तो दाखवला.

"दिवा राहू दे," बाई म्हणाल्या. "मला सांग, अण्णा रात्री जेवतात?"

"जेवण पूर्ण," माझ्या तोंडून निघून गेलं.

"किती वाजता?"

"सातला. जेवणाची गाडी येते तेव्हा."

"आणि दिवस कधी मावळतो सध्या?"

"सहाला," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं. आमच्या भागात भूपाल नाव ऐकलं की जैनाचं घर हे शेंबडं पोरही सांगेल. अण्णा जुन्या वळणाचे. दिवस मावळल्यावर ते गोळीपुरतं पाणी घेत, अन्नाचा कण नाही. हे मला माहीत होतं. वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. तरी रोज सकाळी त्यांच्याच खाटेशी उभं राहून, त्यांच्या देखत, आम्ही सांगत आलो होतो: रात्रीचं जेवण पूर्ण. अण्णा ऐकून घ्यायचे. ताट रंगा साफ करत होता, हे आता उमगलं.

त्या दुपारी बाई स्टूल घेऊन अण्णांच्या शेजारी बसल्या. अण्णांनी भाकरी मोडली, तुकडे ताटात इकडून तिकडं फिरवले आणि सवयीनं ताट रंगाकडं सरकवलं. दुपारचंही तेच होतं तर. महिन्याचं वजन व्हायला अजून अवकाश होता, आणि अंगावरच्या शालीखाली माणूस किती उरलाय हे कुणी पाहिलं नव्हतं.

"अण्णा," बाईंनी विचारलं, "घरी जाऊन जीव द्यायचं ठरवलंय का?"

अण्णांनी मनगटावरचा पट्टा फिरवला.

"तुमीच पयल्यांदा इचारलं," ते म्हणाले. "बाकी समदी म्हणत्यात, अण्णा आता बरं हाय."

"मग?"

"मोटार जळली की वायंडिंग करता येतं, सिस्टर. ही वायंडिंगच्या पलीकडं गेली."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी उपदेश केला नाही, मुलाबाळांची आठवण करून दिली नाही. "सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. "आता मी इथंच बसते." आणि बसल्या. एवढं बोलणं होऊनही दिवा हिरवाच होता, कारण ड्यूटी बदलायची वेळ नसली की माइक बंद असायचा.

बाजूला आल्यावर मी म्हणालो, "पण बाई, नाडी? नाडी तर शांत आहे. झोपही लागते."

"घालमेल कधी असते माणसाला? ठरत नाही तोवर. एकदा मरायचं ठरलं की काही जण शांत होतात, झोपतातसुद्धा. पट्ट्यानं शांतपणा मोजला, तो बरोबरच मोजला. त्याचा अर्थ यंत्रानं आमच्या बोलण्यातून लावला. शांत आहे आणि जेवतोय, म्हणजे बरा. शांत आहे आणि जेवत नाही, असं त्याला कुणी सांगितलंच नाही तर ते बिचारं काय करणार?"

"पण अशा माणसांचं घरी जाऊन काही झालं असतं, तर यंत्र त्यावरून शिकलं असतं की."

बाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर काय झालं हे त्याला कळतं कसं?"

"परत भरती झाला तर कळतं. नाही आला तर—"

जो परत आला नाही तो बरा झाला, असं यंत्र धरून चाललं होतं. न येण्याचं दुसरंही कारण असतं, हे त्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं.

डॉक्टरांना पडद्यावर गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यांखाली काळं झालेला चांगला माणूस तो. म्हणाले, "हिरव्या दिव्यावर मला थांबवता येत नाही, नियम तुम्हाला माहीत आहे. श्रेणी तीनची रोखसही आणा, कारण लिहून. मी लगेच मान्य करतो."

श्रेणी तीन वॉर्डात एकटा मीच.

कारण काय लिहायचं? 'या पेशंटबद्दल वॉर्डातून गेलेली माहिती खोटी आहे.' आणि परिषदेचा नियम मी परीक्षेसाठी पाठच केला होता: खोटी माहिती देणाऱ्याचं प्रमाणपत्र स्थगित. त्यात मी आलो. माझ्याबरोबर वॉर्डातल्या सगळ्या नर्स आल्या. चहाच्या वेळी बातमी फुटली आणि सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या.

"ब्रदर, तुमच्या एका सहीनं आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

"आमी काय मुद्दाम केलं? बरंच सांगायचं हा रिवाज कुणाचा? बाईंचाच न्हवं?"

"बाई नापास झाल्या म्हणून आता दुसऱ्यांचं बघवंना त्यांना."

हे शेवटचं बाई दारात असताना बोललं गेलं.

"रिवाज माझाच," बाई म्हणाल्या. "बरं सांगा म्हणाले. बघून सांगा, हे वेगळं सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मीही कितीदा न बघता 'पूर्ण' म्हटलंय. परिषदेला मी तसं लिहून देणार आहे, माझ्या नावानं. पण माझ्या लिहिण्यानं अण्णा थांबत नाहीत. ते दौलतच्या सहीनं थांबतात."

मला राग आला. भयंकर आला. मी त्यांना गॅलरीत गाठून म्हणालो, "मला कालच मिळालंय हे! कंत्राटावरून कायम होणार होतो मी. तुम्ही सरळ सही कर म्हणून हुकूम तरी सोडा. म्हणजे तुमच्यावर ढकलता येईल."

"नाही सोडणार," बाई म्हणाल्या. "हुकमावर सही करायची असती तर दिवा पुरे होता. त्यासाठी माणसाला कशाला प्रमाणपत्र द्यायचं?"

एवढं बोलून त्या परत अण्णांच्या स्टुलावर जाऊन बसल्या. मी गॅलरीत उभा राहून त्यांच्या पाठीकडं बघत होतो. परीक्षेत मी तात्याला घरी पाठवला होता आणि मला त्याचे पेढे वाटायचे होते. तात्या खोटा होता. हा खरा होता, शाल पांघरून बसलेला, आणि मी त्याच्या ताटाकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

मी आत गेलो आणि सही केली. कारण लिहिलं: 'रात्रीचं जेवण पूर्ण, असं आम्ही सांगत होतो. आम्ही ते पाहिलं नव्हतं.'

सोमवारी मुलगा आला. बाईंनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला आणि मग विचारलं, "मी काय करू?" बाईंनी त्याला स्टूल दिलं.

स्वयंपाकघराशी भांडून बाईंनी अण्णांचं संध्याकाळचं ताट दिवस मावळायच्या आत मागवायला सुरुवात केली. शेजारी कुणीतरी बसायचंच: बाई, मी, नाहीतर मुलगा. डॉक्टरांनी औषध बदललं. अण्णा एखादा घास घ्यायचे, कधी तोही नाही. आणि ड्यूटी बदलताना आम्ही तेवढंच सांगायचो. दिवा हिरव्याचा पिवळा झाला, मग तांबडा. तांबडा दिवा बघून बरं वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

अपेक्षेप्रमाणे देशमाने मॅडम आल्या. पडद्यावर नाही, स्वतः. माझं प्रमाणपत्र स्थगित केल्याचं पत्र पर्समध्ये घेऊन आल्या होत्या. पण आल्या त्या नेमक्या ड्यूटी बदलायच्या वेळी, आणि बाईंनी त्यांना खुर्ची न देता सरळ खाटांच्या रांगेत आमच्याबरोबर उभं केलं.

"आवळे सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "तुमचं लिहिलेलं मी वाचलं. तुम्हाला कळतंय ना, हे खरं धरलं तर प्रत्येक जिल्ह्यातल्या नर्सांचं बोलणं तपासावं लागेल? तात्यावर घेतलेल्या सगळ्या परीक्षा पुन्हा घ्याव्या लागतील?"

"घ्या की. मी बसते परत."

"परत नापास झालात तर?"

"तर तिसऱ्यांदा. तुमचा तात्या स्वतःच्या तोंडानं बोलेपर्यंत मी येत राहीन मॅडम. तुमची सांगली आम्हाला काय लांब नाही. आणि घरी पाठवलेल्या माणसाच्या दारात महिन्यानं एक नर्स जाऊ दे. तो आहे का, एवढं बघायला. नाहीतर तुमचं यंत्र मेलेल्या माणसाला बरा झालेला समजत राहील."

मॅडमनी पर्सची चेन उघडली, बंद केली. पुन्हा उघडली नाही. कपाळावरची आठी तशीच होती, पण नजर आता खाटेवर होती. एकेकाळच्या नर्सची नजर असावी ती.

आम्ही अण्णांच्या खाटेशी पोचलो. जाणारा मी, येणाऱ्या बाई. उशाशी माइक, वर तांबडा दिवा, पलीकडं चष्म्याशिवायचा रंगा. चष्मा आता अण्णांच्या उशाखाली होता, रंगानं आपण होऊन ठेवलेला. एक बरी गोष्ट सांगायची होती. जिभेच्या टोकावर जुनं गाणं आलं होतं, ते मी गिळलं.

"संध्याकाळचं ताट आलंय. दोन घास," मी म्हणालो. "मी शेजारी बसून पाहिलेत. यापेक्षा बरं सांगण्यासारखं आज माझ्याकडं काही नाही."

मॅडम काहीतरी बोलणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"डाळ कुणी केलीया ही?"

अण्णांनी मान वर केली होती. कपाळावर आठ्या होत्या.

"डाळ का म्हणायची हिला? चूळ भरायचं पाणी हाय. मीठ न्हाई, काय न्हाई. आनि तिसरा घास घे म्हणून माझ्या बोडक्यावर बसतायसा दोघं!"

रंगा फिदीफिदी हसला. उशाशी माइक चालू होता. पहिल्यांदाच त्यात अण्णांचं स्वतःचं वाक्य गेलं असेल. दिव्याला त्याचं काय करावं ते कळलं नाही. तो तांबडाच राहिला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही. मॅडमकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत? पेशंट असा बोलतो." मग ताटातली डाळीची वाटी उचलली, एक घोट चाखून तोंड वाकडं केलं आणि ती वाटी घेऊन, आम्हा सगळ्यांना तिथंच सोडून, तरातरा स्वयंपाकघराकडं निघाल्या. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.